मित्रांसोबत वसंतातील एक दिवसाची सहल: आखणीचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सहल ठरवायची म्हटली की पहिला प्रश्न हमखास ‘कुठे जायचे?’ हा असतो, आणि पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ त्या प्रश्नातच असते. जागा आधी ठरली की तिच्यावर जीव जडतो. मग एकाचा गुडघा दुखतो, दुसऱ्याला सहाच्या आत घरी पोहोचायचे आहे, तिसऱ्याबरोबर लहान मूल आहे, या साऱ्या गोष्टी त्या जागेच्या मापात कोंबाव्या लागतात. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे: आधी माणसे, मग परतीची वेळ, त्यानंतर जागा आणि सर्वांत शेवटी सामान. थोडे चालणे, मोकळ्यावर बसून जेवण, खेळ आणि जमल्यास जवळचा एखादा बाजार किंवा कार्यक्रम एवढाच आवाका येथे धरला आहे. रात्रीचा मुक्काम आणि दोर लावून चढायच्या वाटा यांचे नियम वेगळे आहेत.

टप्पा १: आधी माणसे पक्की करा

सर्वांना ‘कुणाकुणाला जमेल?’ असे मोघम विचारू नये. दोन ठरावीक तारखा द्याव्यात, उत्तरासाठी शेवटचा दिवस सांगावा आणि त्या दिवशी यादी बंद करावी. ‘बघतो’ आणि ‘प्रयत्न करते’ ही दोन्ही उत्तरे नकार समजून पुढे जावे; ती माणसे ऐनवेळी आली तर आनंदच आहे, पण त्यांच्या भरवशावर वाहनांतील जागा मोजू नयेत.

यादी बंद झाल्यावर प्रत्येकाला स्वतंत्रपणे, म्हणजे सर्वांसमोर नव्हे, चार गोष्टी विचाराव्यात: सलग किती वेळ चालण्याची सवय आहे, घरी किती वाजता पोहोचायलाच हवे, कोणते खाणे चालत नाही आणि दमा, परागकणांचा त्रास किंवा कीटकदंशाची ॲलर्जी आहे का. गटात विचारले की सर्वांना सगळे जमते, हा अनुभव आहे. आमच्या एका मैत्रिणीने पाच तासांच्या चालीला सर्वांदेखत होकार दिला होता आणि तिच्या घोट्याला महिन्यापूर्वीच दुखापत झाली होती, हे आम्हाला अर्ध्या वाटेवर कळले. चूक तिची नव्हती; विचारण्याची पद्धत चुकीची होती.

संख्या दहाच्या पुढे गेली तर चालण्यासाठी दोन गट करावेत आणि जेवायला एकत्र यावे. मोठा गट एका रांगेत चालत नाही, तो तुटतो, आणि कुठे तुटला हे पुढच्यांना कळत नाही.

कामेही येथेच वाटून घ्यावीत, कारण सगळ्यांचे काम ते कुणाचेच नाही. वाट आणि वेळ पाहणारा एक, शेवटी चालणारा एक, खाण्याचा मेळ घालणारा एक आणि हिशेब ठेवणारा एक, एवढे पुरते. वाहन चालवणाऱ्याला यांतील कोणतेही काम देऊ नये.

टप्पा २: परतीची वेळ ठरवा आणि उलटे मोजत या

हा टप्पा सर्वाधिक चुकतो, म्हणून येथे थोडे थांबतो.

प्रथम त्या दिवसाच्या सूर्यास्ताची वेळ पाहावी. विषुवदिनाच्या, म्हणजे दिवस आणि रात्र समान असतात त्या दिवसाच्या, आसपास दिवसाची लांबी वर्षातील सर्वांत वेगाने बदलत असते; ५० अंश अक्षांशाच्या जवळपास ती रोज जवळजवळ ४ मिनिटांनी वाढते, तर विषुववृत्ताजवळ हा फरक जेमतेम जाणवतो. त्यामुळे गेल्या महिन्यातील सहलीचा अंदाज या वेळी वापरू नये, आणि जेथे वसंतात घड्याळे पुढे केली जातात तेथे तर मुळीच वापरू नये. दाट झाडीत किंवा डोंगराच्या सावलीत अंधार आधी होतो, म्हणून सूर्यास्ताच्या एक तास आधी वाहनापाशी पोहोचणे हे उद्दिष्ट धरावे.

आता चालीचा हिशेब. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला आडाखा आजही उपयोगी पडतो: सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा वेग सरावलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. मित्रमंडळी थांबतात, फोटो काढतात, बुटात गेलेला खडा काढतात. म्हणून आलेल्या वेळेची दीडपट करावी.

समजा, जाताना ४ किलोमीटर आणि ३०० मीटर चढ आहे. ४ किलोमीटरची ४८ मिनिटे, चढाची ३० मिनिटे, मिळून ७८ मिनिटे. दीडपट केल्यावर ११७, म्हणजे दोन तास धरावेत. परतताना उतार असल्याने फक्त ४८ मिनिटांची दीडपट, म्हणजे सव्वा तास. सूर्यास्त ६ वाजून ४० मिनिटांनी असेल तर ५ वाजून ४० मिनिटांनी वाहनापाशी हवे, म्हणजे ४ वाजून २५ मिनिटांनी बसल्या जागेवरून निघायला हवे आणि ४ वाजता आवराआवर सुरू व्हायला हवी. सकाळी साडेदहाला चालायला लागलात तर साडेबाराला पोहोचाल आणि बसायला, जेवायला, खेळायला साडेतीन तास मिळतील.

यातून दोन वेळा कागदावर लिहाव्यात. पहिली निघण्याची वेळ, म्हणजे वरील उदाहरणात ४ वाजून २५ मिनिटे. दुसरी पोहोचण्याची मर्यादा: दीड वाजेपर्यंत ठरलेल्या जागी पोहोचला नाहीत, तर जेथे असाल तेथेच सावली पाहून बसायचे आणि तीच त्या दिवसाची जागा मानायची. ही मर्यादा आदल्या दिवशी सर्वांनी मान्य केलेली असावी, कारण माथा समोर दिसत असताना ‘आणखी दहाच मिनिटे’ म्हणणाऱ्याला तिथे कोणी अडवू शकत नाही.

सावधान: घरी लवकर पोहोचायचे असलेल्या माणसाची वेळ हीच गटाची वेळ. त्याला ‘तू मधूनच निघून जा’ असे सांगण्याचा बेत करू नये. एकट्याने परतणारा माणूस हा आखणीतील सर्वांत कच्चा दुवा असतो.

टप्पा ३: आता जागा निवडा

मागील दोन टप्प्यांनंतर जागेची निवड सोपी होते, कारण निम्म्या जागा आपोआप बाद होतात. उरलेल्यांपैकी दोन निवडाव्यात, एक मुख्य आणि एक पर्यायी, आणि पर्यायी जागा अशी असावी की पाऊस आला तरी तेथे छप्पर मिळेल.

वसंतात काही गोष्टी मुद्दाम विचाराव्या लागतात. बर्फाळ प्रदेशात वितळलेल्या पाण्यामुळे वाटा चिखलाच्या होतात आणि ओढ्यांचे पाणी दुपारनंतर चढते, कारण दिवसभराच्या उन्हाने बर्फ वितळत असतो. सकाळी उडी मारून ओलांडलेला ओढा परतताना गुडघाभर असू शकतो. कोरड्या प्रदेशात उलट स्थिती असते: पाण्याचे झरे आटत चाललेले असतात आणि वाळके गवत ठिणगीची वाट पाहत असते. शिवाय हा पक्ष्यांच्या विणीचा काळ असल्याने काही वाटा, कडे किंवा पाणथळ जागा तेवढ्या महिन्यांपुरत्या बंद ठेवल्या जातात. वाट खुली आहे का, वाहन कोठे उभे करायचे, कुत्र्याला नेता येते का, चूल पेटवता येते का आणि स्वच्छतागृह कोठे आहे, ही पाच उत्तरे त्या जागेची देखभाल करणाऱ्यांकडून मिळवावीत. दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राची आठवण हा पुरावा नव्हे.

गटातील एकाने आधी जाऊन पाहून येणे सर्वांत चांगले. ते शक्य नसेल तर नकाशावर वाट बोटाने चालून पाहावी आणि प्रत्येक फाटा कागदावर टिपावा.

टप्पा ४: हवामान तीनदा पाहा

पहिल्यांदा पाच दिवस आधी, केवळ अंदाज घेण्यासाठी. दुसऱ्यांदा आदल्या संध्याकाळी, निर्णय घेण्यासाठी. तिसऱ्यांदा निघण्याच्या सकाळी, कपडे ठरवण्यासाठी. निर्णयाची कसोटी मात्र आधीच ठरलेली असावी, उदाहरणार्थ ‘दुपारी गडगडाटाचा इशारा असेल तर पर्यायी जागा’. कसोटी नसेल तर आदल्या रात्री बारा वाजेपर्यंत चर्चा चालते आणि सकाळी कोणीच वेळेवर उठत नाही.

‘पावसाची शक्यता ४० टक्के’ याचा अर्थ दिवसाचा ४० टक्के भाग पावसात जाईल असा नाही. असा अंदाज दिलेल्या दहा दिवसांपैकी साधारण चार दिवशी त्या ठिकाणी पाऊस पडतो, एवढाच आहे. त्यामुळे टक्क्यांपेक्षा पाऊस कोणत्या तासांत अपेक्षित आहे हे पाहणे अधिक कामाचे ठरते. उंचावर जात असाल तर दर १,००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, हेही हिशेबात धरावे. पायथ्याशी १८ अंश असतील तेव्हा हजार मीटर वर साडेअकरा असू शकतात, आणि वारा असला तर अंगाला त्याहून कमी भासतात.

वसंतातील सर्वांत फसवी गोष्ट ऊन आहे. त्वचा भाजवणारे अतिनील किरण तापमानावर अवलंबून नसतात, म्हणून गार वाऱ्यात बसून माणसे भाजून घेतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांना पत्ता लागत नाही. हवामानाच्या अंदाजात अतिनील निर्देशांक दिलेला असतो. तो ३ किंवा अधिक असेल तर टोपी, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन हवे. निर्देशांक पाहायला मिळाला नाही तर स्वतःची सावली पाहावी: ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन प्रखर आहे. सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चे असावे, बाहेर पडण्याच्या पाव तास आधी लावावे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे. कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू आणि पावलांचा वरचा भाग हमखास राहून जातो.

टप्पा ५: सामान दोन याद्यांत बांधा

एकच लांबलचक यादी गटात पाठवली की तीन जण चाकू आणतात आणि पाणी कोणीच आणत नाही. म्हणून प्रत्येकाने आणायच्या वस्तू आणि सर्वांसाठी मिळून एकच आणायच्या वस्तू अशा दोन वेगळ्या याद्या कराव्यात, आणि दुसऱ्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे नाव लिहावे.

प्रत्येकाकडे हवे: पाणी, पावसाचे जाकीट, एक उबदार कपडा, टोपी, स्वतःची औषधे, सुक्या मोज्यांचा जादा जोड, शिट्टी आणि छोटी विजेरी. पाण्यासाठी चालीच्या दर तासाला अर्धा लिटर हा प्राथमिक आडाखा धरावा आणि बसण्याच्या वेळेसाठी अधिक घ्यावे. वरील उदाहरणातील दिवसाला माणशी दोन लिटर कमीत कमी. कपडे एका जाड थराऐवजी तीन पातळ थरांत घालावेत. सुती कपडा घामाने भिजला की लवकर वाळत नाही आणि थांबल्यावर थंडी वाजवतो, म्हणून आतला थर लवकर वाळणाऱ्या कापडाचा असावा.

सर्वांसाठी मिळून: प्रथमोपचार पेटी, बारीक टोकाचा चिमटा, कागदी नकाशा, पॉवर बँक, बसायला सतरंज्या, कचऱ्यासाठी दोन जाड पिशव्या, हात धुण्याचे साहित्य आणि खेळाचे सामान.

दमेकऱ्याचा पंप आणि ॲलर्जीचे इंजेक्शन वाहनात ठेवू नये. ते त्या माणसाच्या अंगावरच्या पिशवीत असावे आणि शेजारी चालणाऱ्या एकाला तरी ते नेमके कोठे आहे हे माहीत असावे.

तपासणी: आदल्या रात्री पाठीवर भरलेली पिशवी घेऊन दहा मिनिटे घरात चालावे. पट्टा टोचत असेल तर तो आताच कळेल. नवे कोरे बूट सहलीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत, हे प्रत्येकाला ठाऊक असते आणि तरीही दर सहलीत एक जण ते घालून येतोच.

टप्पा ६: खाणे बांधताना

पदार्थ निवडताना चवीआधी तीन प्रश्न विचारावेत: हाताने खाता येतो का, पिशवीत उलटा झाला तर सांडतो का आणि उन्हात किती वेळ टिकतो. नाशवंत पदार्थांत ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. असे पदार्थ गारव्याबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि हवेचे तापमान ३२ अंशांवर असेल तर एक तासच. चालून जाऊन दुपारी जेवायचे असल्यास दुधाचे, अंड्याचे, मांसाचे आणि शिजवलेल्या ओलसर धान्याचे पदार्थ एक तर गार पेटीतून न्यावेत किंवा नेऊच नयेत. कोरडे पदार्थ आणि सालासकट फळे यांवर दिवस उत्तम निघतो.

वाहनाजवळच बसणार असाल तर गार पेट्या दोन ठेवाव्यात. पेयांची पेटी दर दहा मिनिटांनी उघडली जाते आणि तिच्यातील गारवा निघून जातो. खाण्याची पेटी जेवणापर्यंत बंद राहिली पाहिजे. बर्फाच्या लाद्यांऐवजी पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर दुपारी तेच पाणी पिता येते. बाटली गोठवताना ती काठोकाठ भरू नये, अन्यथा फुटते.

सर्व खाणे एकाच पिशवीत ठेवणे ही चूक विशेषकरून टाळावी. ती पिशवी पाठीवर असलेला माणूस मागे पडतो आणि पुढे पोहोचलेले उपाशी बसतात.

टप्पा ७: निघण्यापूर्वीची पंधरा मिनिटे

भेटण्याची वेळ आणि निघण्याची वेळ या दोन वेगळ्या सांगाव्यात, मधले अंतर पंधरा मिनिटांचे ठेवावे आणि निघण्याच्या वेळी खरोखर निघावे. उशिरा येणाऱ्याला पुढच्या थांब्याचे ठिकाण माहीत असले की कोणी रागावण्याचे कारण उरत नाही.

या पंधरा मिनिटांत माणसे मोजावीत आणि तो आकडा मोठ्याने उच्चारावा. नकाशा प्रत्येकाच्या फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घेतला आहे का हे पाहावे. सहलीला न येणाऱ्या एका माणसाला वाट, गटातील नावे, परतीची वेळ आणि ‘इतक्या वाजेपर्यंत संदेश आला नाही तर काय करायचे’ हे लिहून पाठवावे. यातला शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात आणि मग घरचा माणूस रात्री नऊ वाजता नुसता काळजी करत बसतो. जेथे मोबाइलची रेंज जेमतेम असते तेथे फोन सतत नेटवर्क शोधून बॅटरी संपवतो, म्हणून एकदोन फोन सोडून बाकीचे विमान मोडवर ठेवावेत.

संकटाची खूण सर्वांना सांगून ठेवावी: एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर म्हणून मिनिटाला तीन शिट्ट्या देतात.

टप्पा ८: चालताना

पहिली वीस मिनिटे मुद्दाम हळू चालावे आणि मग एकदा थांबून जादा कपडे काढावेत, बुटांच्या नाड्या बांधाव्यात. हा थांबा सर्वांसाठी असतो, त्यामुळे कोणाला ‘माझ्यासाठी थांबा’ म्हणावे लागत नाही.

सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढून दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे आणि वाट दाखवणाऱ्याने वेग त्याच्यावरून ठरवावा. शेवटी चालणाऱ्याच्या मागे कोणीही राहायचे नाही; लघुशंकेसाठी थांबणाऱ्याने वाटेच्या कडेला आपली पिशवी ठेवून जावे, म्हणजे शेवटच्या माणसाला खूण मिळते. प्रत्येक फाट्यावर सर्व जण येईपर्यंत थांबावे.

येथे एक चूक इतकी सार्वत्रिक आहे की ती चूक वाटतच नाही. पुढचे दहा मिनिटे बसून ताजेतवाने होतात, मागचा धापा टाकत पोहोचतो आणि तो पोहोचताच ‘चला, आले सगळे’ म्हणत सारे उठतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच ती मिळत नाही, आणि दर थांब्यागणिक तो अधिक मागे पडत जातो. म्हणून थांब्याची वेळ शेवटचा माणूस पाठीवरची पिशवी खाली ठेवतो तेव्हापासून मोजावी.

सावधान: वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत, ध्वनीला एक किलोमीटर कापायला सुमारे तीन सेकंद लागतात. अंतर ३० सेकंदांपेक्षा कमी असेल तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे आणि तत्काळ पक्क्या इमारतीत किंवा बंद धातूच्या वाहनात जायला हवे. एकाकी झाड, माथा, पाण्याचा काठ आणि उघडा मांडव हे आसरे नव्हेत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये.

टप्पा ९: बसण्याची जागा आणि खेळ

जागेवर पोहोचल्यावर आधी सतरंजी उलगडू नये. दोघांनी पाच मिनिटे फिरून पाहावे. वर वाळकी फांदी लटकते आहे का, झाडावर किंवा कपारीत पोळे आहे का, मुंग्यांची रांग जाते आहे का, आणि सूर्य सरकल्यावर दोन तासांनी सावली कोठे असेल, हे पाहायचे. उत्तर गोलार्धात उष्ण कटिबंधाबाहेर सावली दुपारनंतर ईशान्येकडे सरकत जाते, त्यामुळे झाडाच्या त्या बाजूला बसल्यास पुन्हा उठावे लागत नाही.

वसंतात मधमाश्यांच्या वसाहती विभागतात आणि हजारो माश्यांचा गोळा एखाद्या फांदीवर काही तास विसावतो. त्याच्यापासून दूर राहावे, दगड मारू नये, धूर करू नये. माश्या अंगावर आल्याच तर तोंड झाकून पळत सुटावे आणि बंद जागेत शिरेपर्यंत थांबू नये. पाण्यात उडी मारू नये, त्या वर घोटाळत राहतात. काटा अंगात राहिला असेल तर कसाही, पण लवकरात लवकर काढावा. ओठ किंवा जीभ सुजणे, श्वास अडणे, चक्कर येणे यांपैकी काहीही दिसले की इंजेक्शन असल्यास ते द्यावे आणि त्याच क्षणी आपत्कालीन मदत मागवावी.

खेळ निवडताना सर्वांना एकाच वेळी खेळता येईल असा एक आणि बसून खेळायचा एक, असे दोन पुरतात. तरबेज खेळाडूंनी दोन संघ पाडले की उरलेले प्रेक्षक होतात. म्हणून संघ चिठ्ठ्या टाकून पाडावेत. जेवणानंतर लगेच पळापळीचा खेळ घेऊ नये. तो आधी घ्यावा, भूकही चांगली लागते.

पाण्यात उतरण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे: वसंतात अनोळखी पाण्यात पोहण्याचा बेत ठेवूच नये. हवा कितीही उबदार असली तरी नद्या आणि तळी अजून थंड असतात. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक उतरल्यास पहिल्या एकदोन मिनिटांत श्वासावरचा ताबा सुटतो आणि चांगला पोहणाराही पाणी गिळतो. काठावर पाय बुडवून बसणे एवढ्यावर समाधान मानावे.

चूल पेटवण्याची परवानगी असली तरी वाळके गवत आणि वारा असताना ती पेटवू नये. पेटवलीच तर निघण्याच्या एक तास आधी विझवायला सुरुवात करावी: पाणी ओतावे, राख ढवळावी, पुन्हा पाणी ओतावे आणि शेवटी हाताची मागची बाजू जवळ नेऊन पाहावी. हाताला ऊब लागली तर ती विझलेली नाही.

स्वच्छतागृह नसेल तर पाण्यापासून, वाटेपासून आणि बसण्याच्या जागेपासून किमान ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून नंतर तो बुजवावा. कागद आणि ओले रुमाल पिशवीतून परत आणावेत.

टप्पा १०: बाजार, मेळा किंवा कार्यक्रम जोडायचा असल्यास

एका दिवसात एक मोठी आणि एक छोटी गोष्ट, यापेक्षा जास्त घेऊ नये. ठरलेल्या वेळेचा कार्यक्रम असेल तर तोच दिवसाचा खुंटा मानावा आणि चाल त्याच्या मापाने आखूड करावी. ‘चालून झाल्यावर वेळ उरला तर जाऊ’ असे म्हटले की वेळ कधीच उरत नाही. गर्दीत शिरण्यापूर्वी भेटण्याची एक जागा आणि दर तासाची वेळ ठरवावी. ती जागा प्रवेशद्वार नसावी, कारण सगळ्याच गटांनी तेच ठरवलेले असते.

टप्पा ११: आवरणे आणि परतणे

ठरलेल्या वेळेला वेळ पाहणाऱ्याने एकदाच सांगावे आणि स्वतः उठून आवरायला लागावे. समजावत बसू नये. सतरंज्या उचलल्यावर सर्वांनी एका ओळीत जागा ओलांडत चालत यावे, म्हणजे बाटल्यांची झाकणे, चष्मे आणि किल्ल्या सापडतात. माणसे पुन्हा मोजावीत. उतारावर घसरणे आणि पाय मुरगळणे याचा धोका अधिक असतो, कारण पाय थकलेले आणि मन घरी पोहोचलेले असते, म्हणून परतीच्या वाटेवरही शेवटचा माणूस तोच ठेवावा.

वाहन चालवणाऱ्याने निघण्यापूर्वी पाणी पिऊन पंधरा मिनिटे निवांत बसावे. घरी काळजी करणाऱ्या माणसाला ‘पोहोचलो’ हा संदेश वाहनात बसताना पाठवू नये, घरी पोहोचल्यावर पाठवावा.

टप्पा १२: घरी आल्यावर

गवतातून किंवा झुडपांतून गेला असाल तर दोन तासांच्या आत अंघोळ करून अंगावर गोचीड आहे का पाहावे: गुडघ्यामागे, कमरेशी, काखेत, कानांमागे आणि केसांच्या मुळांशी. आढळल्यास बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ, संथपणे वर ओढावी. पिळू नये, तेल लावू नये, काडीने चटका देऊ नये. तारीख लिहून ठेवावी, आणि पुढील काही आठवड्यांत ताप आला किंवा चट्टा पसरू लागला तर ती तारीख डॉक्टरांना सांगावी. परागकणांचा त्रास असलेल्यांनी बाहेरचे कपडे शयनगृहात नेऊ नयेत आणि केस धुऊनच झोपावे.

हिशेब दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवावा, त्यात प्रत्येक खर्चापुढे तो करणाऱ्याचे नाव असावे, आणि त्याच संदेशात कोणाची कोणती वस्तू कोणाच्या पिशवीत आली आहे तेही लिहावे; हिरव्या झाकणाचा एक डबा नेहमीच बेवारस उरतो, त्याचे छायाचित्र जोडावे.